छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलची तेलगळती: सील बदलण्याआधी कारण शोधा

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने वाकून पाहा. रिमपासून टायरच्या काठापर्यंत धुळीने जाड झालेला काळा ओघळ दिसला, तर एक्सलचं तेल बाहेर पडायला लागलंय. जमिनीवर थेंब पडायची वाट पाहू नका. सुरुवातीचे कितीतरी दिवस तेल रिमवरच पसरतं, धूळ ते पिऊन टाकते आणि शेडमधली फरशी कोरडीच राहते.

काम अवघड नाही, किचकट आहे. चाक काढायचं, एक्सलचं हाऊसिंग उतरवायचं, शाफ्टभोवती तेल अडवणारं काही शे रुपयांचं रबरी सील बदलायचं आणि सगळं परत जोडायचं. हाताशी एक दणकट माणूस असेल तर पूर्ण दिवस जातो. पहिल्यांदाच करत असाल तर दोन धरा. खरी कटकट पुढे असते. सील बदललं, ट्रॅक्टर धुऊन उभा केला आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तोच काळा पट्टा. मग दुकानदाराच्या नावाने शिमगा, ‘डुप्लिकेट सील दिलं’ म्हणून. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा सील नुसतं मार खाणारं असतं. मारणारा कोणी दुसराच: तुंबलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट), ढिलं झालेलं बेअरिंग, खाच पडलेला शाफ्ट, नाहीतर एक्सलला गुंडाळलेली सुतळी. तो सापडल्याशिवाय नवं सील बसवणं म्हणजे पुढच्या गळतीची तारीख ठरवणं.

हा लेख १८ ते ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी आहे. महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार, व्हीएसटी शक्ती या वर्गातले, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढणारे. प्रत्येक मॉडेलची आतली मांडणी थोडी वेगळी असते, त्यामुळे आपल्या ट्रॅक्टरचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान पार्ट कॅटलॉगमधलं एक्सलचं चित्र मोबाइलवर घेऊन बसा. द्राक्षवाल्यांनी हे काम फळछाटणीच्या आधी उरकावं. छाटणी झाली आणि डावणी रोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर एक दिवसही उभा ठेवता येत नाही. पितृपक्षाचे दिवस उत्तम. नवीन खरेदी नाही म्हणून घरातले मोठे अडून बसतील, पण जुन्याच्या दुरुस्तीला कोणाची हरकत नसते.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहा

तेल वरून खाली आणि चालताना मागे सरकतं. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथेच भोक आहे असं नाही. लिफ्टच्या कव्हरमधून किंवा हायड्रॉलिकच्या पाइपातून निघालेलं तेल हाऊसिंगवरून ओघळत एक्सलच्या टोकापर्यंत येतं, आणि माणूस भलतंच सील बदलून मोकळा होतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे धुणं. मागची बाजू डिझेल आणि ब्रशने घासा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याचं तोंड सीलवर थेट धरू नका. पाणी लिपच्या, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या सीलच्या रबरी ओठाच्या, आत ढकललं जातं. वाळल्यावर एक्सलची टोकं, हाऊसिंगचे सांधे, ब्रेकच्या दांड्या आणि पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) भोवती टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा. मग अर्धा-पाऊण तास ट्रॅक्टर चालवा, लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि बॅटरी घेऊन खाली वाका. पांढऱ्या पुडीवर सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. तीच मूळ.

चाक ज्या चकतीवर बोल्टने बसतं त्या फ्लँजमागून ओल येत असेल तर एक्सलचं बाहेरचं सील. एक्सलचं लांबोळकं हाऊसिंग, ज्याला फिटर ट्रम्पेट म्हणतात, ते मधल्या डिफरेन्शियलच्या डब्याला जिथे जोडलंय तिथून येत असेल, तर पॅकिंग, ओ-रिंग किंवा ढिले बोल्ट. ब्रेकचा आडवा शाफ्ट हाऊसिंगमध्ये शिरतो तिथे ओल असेल तर त्याची छोटी ओ-रिंग गेली, आणि ती बदलायला कित्येक मॉडेलवर एक्सल उघडावाही लागत नाही. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलं असेल तर व्हॉल्व्हजवळची ओल तेलाचीच आहे ना, हेही बोटाने चोळून पाहा. पाणी निघालं तर पंक्चरवाल्याकडे जा आणि हा लेख इथेच सोडा.

ढिल्या बोल्टांबद्दल एक सूचना. सांध्यातून पाझर असेल तर सगळे बोल्ट आधी एकदा तपासा. रोटाव्हेटर आणि ब्लोअरच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि कधी नुसतं आवळल्यावर गळती थांबते. पण बोल्ट घट्ट असतानाही पाझर असेल तर पाइप लावून आणखी पिळू नका. हाऊसिंग बिडाचं असतं. त्यातले आटे गेले की शंभर रुपयांच्या पॅकिंगचं काम लेथवर जातं.

दोन मिनिटांची ब्रीदरची तपासणी

चालताना आतलं तेल तापतं, हवा फुगते. ती बाहेर जाण्यासाठी हाऊसिंगच्या माथ्यावर, गिअर लिव्हरजवळ किंवा तेलाच्या टोपणातच एक छोटा ब्रीदर असतो. माती, तेल आणि धूळ मिळून तो बुजतो, कधी गांधीलमाशी त्यात मातीचं घर करते. मग आतला दाब जिथे कमी अडथळा तिथून बाहेर पडतो, म्हणजे सीलच्या लिपखालून, आणि जाताना तेल घेऊन जातो.

तासभर काम करून ट्रॅक्टर उभा केल्यावर तेलाचं टोपण किंवा डिपस्टिक हळूच सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. तो काढून डिझेलमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरने हवा मारा, तोंडाने फुंकून आरपार जाते का पाहा. थोडा पाझर असलेल्या कित्येक एक्सलची गळती एवढ्यानेच थांबते. दोन-चार दिवस ट्रॅक्टर चालवून पाहा, मगच पान्हे काढा.

याच वेळी तेलाची पातळीही बघा. ट्रॅक्टर सपाटीवर, लिफ्ट खाली. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा तेल जास्त असेल तर तेही सीलवर चढतं. ‘जरा जास्त असलेलं बरं’ हा हिशेब एक्सलच्या तेलाला लागू नाही.

बेअरिंग उघडण्याआधीच तपासा

चाक जमिनीवरून उचललं (कसं ते पुढे), की दोन्ही हातांनी वर आणि खाली धरून जोराने आत-बाहेर हलवा. खट्-खट् जाणवलं किंवा सीलजवळ शाफ्ट हललेला डोळ्याला दिसला तर बाहेरचं बेअरिंग गेलंय. सीलची लिप शाफ्टवर बारीक दाबाने टेकलेली असते. शाफ्ट डोलायला लागला की एका बाजूला फट पडते आणि दुसऱ्या बाजूला लिप घासून जाते. अशा शाफ्टवर जगातलं सगळ्यात महाग सील लावा, तेही टिकणार नाही. तेव्हा सीलसोबत बेअरिंगही आणून ठेवा.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०९: शेवटचे दोन आकडे गुणिले ५, म्हणजे आतला व्यास ४५ मिमी. ६२१० असेल तर ५०. सीलवर मापं थेट छापलेली असतात, आधी शाफ्टचा व्यास, मग बाहेरचा, मग जाडी. म्हणजे ५०-८०-१२ असं काही. तरी सील नुसत्या मापावर घेऊ नका. एक्सलच्या बाहेरच्या सीलला बहुतेक वेळा चिखल अडवायला एक-दोन जादा लिप असतात. त्याच मापाचं साधं सील दुकानात निम्म्या किमतीत मिळतं आणि चिखलात एक हंगामही काढत नाही. पार्ट नंबर आणि चेसिस नंबर सांगून मागा. सोबत ट्रम्पेटचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि ड्रेन बोल्टचं वॉशर घ्या. काम उघडं टाकून तालुक्याला पळावं लागतं ते याच चिल्लर वस्तूंसाठी.

तेल काढा आणि ते नीट पाहा

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, एक्सल आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. म्हणजे एक्सल उघडायचा तर सगळं तेल काढायचं, मॉडेलनुसार दहा लिटरपासून पंचवीस-तीस लिटरपर्यंत. गळणारी बाजू जॅकने उंच करून तेल दुसऱ्या बाजूला ढकलायची युक्ती काही फिटर करतात. तेल वाचतं, पण तिरक्या उभ्या ट्रॅक्टरखाली दिवसभर हात घालून बसायचं असतं. मी ती सुचवणार नाही.

तेल कोमट असताना काढा, चांगलं निथळतं. स्वच्छ टब घ्या, कारण तेल चांगलं असेल तर तेच परत घालता येईल. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मऊ चिखलासारखा थर ही नेहमीची झीज आहे. बोटांमध्ये चोळल्यावर टोचणारे तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग फुटतंय. मग प्रश्न सीलपुरता राहिला नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. भात चिखलणीला किंवा ओढ्यातून गेलेल्या ट्रॅक्टरचं बहुतेकदा असंच होतं. ज्या वाटेने तेल बाहेर येतं त्याच वाटेने पाणी आत जातं. दुधाळ तेल परत वापरायचं नाही.

उचलणं: इथे घाई नको

सपाट, टणक जागा. अवजार काढलेलं, लिफ्ट खाली, चावी खिशात. ज्या बाजूचं चाक काढायचं तिचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. समोरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि मागचं जे चाक जमिनीवर राहणार त्यालाही.

आता एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. ट्रॅक्टरचा समोरचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो. मागची एक बाजू उचलली की अख्खं धूड त्या पिनवर कलंडू पाहतं, समोरची चाकं घट्ट अडवलेली असली तरीही. म्हणून समोरच्या एक्सलच्या आणि फ्रेमच्या मधल्या फटीत, दोन्ही बाजूंना, लाकडी पाचरी ठोका. पाचरी ठोकल्यावर इंजिनाला हाताने हलवून पाहा. डोलत नसेल तरच पुढे जा.

जॅक मधल्या डब्याखाली लावा, ट्रम्पेटखाली नाही. ट्रम्पेट तर काढायचंय. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की डब्याखाली लोखंडी स्टँड किंवा आडवे-उभे रचलेले जाड सागवानी ठोकळे द्या आणि वजन त्यांच्यावर उतरवा. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते इशारा न देता फुटतात.

चाक काढताना त्याच्या वजनाचा अंदाज घ्या. टायरमध्ये पाणी असेल तर मापानुसार चाळीस-पन्नास लिटर किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे तेवढेच किलो, वर रिम आणि बिडाची वजनं. एकट्याने धरायचं धाडस नको. पाणी काढून घ्या, किंवा चाकाखाली तेल लावलेली फळी सरकवून चाक तिच्यावरून बाहेर ओढा. रिम गंजून फ्लँजला चिकटली असेल तर एक नट दोन-तीन आट्यांवर ठेवून टायरला आतून लाकडी ठोकळ्याने ठोका. सुटते.

चाक निघालं की फ्लँजच्या मागे नीट पाहा. द्राक्षबागेतली सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे, मांडवाची बारीक तार, हे सगळं एक्सलला असं गुंडाळलेलं सापडतं की कापल्याशिवाय निघत नाही. हळूहळू ते सीलच्या तोंडाशी दाबलं जातं आणि लिप कापतं. हा गुंडा सापडला तर गुन्हेगार हातात आला. ब्लेडने कापून काढा, ओढू नका.

उघडणं

इथे मॉडेलनुसार वाट बदलते. काही ट्रॅक्टरवर चाकाचा हब वेगळा असतो आणि शाफ्टच्या दात्यांवर नटाने धरलेला असतो. अशा वेळी हब पुलरने काढला की सील समोर येतं आणि काम निम्म्यावर येतं. पण जपानी धाटणीच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये फ्लँज आणि एक्सल एकाच तुकड्यात घडवलेले असतात. फ्लँज सीलपेक्षा मोठी, त्यामुळे सील बाहेरून काढता-घालता येत नाही. ट्रम्पेट उतरवून, आतल्या टोकाचा गिअर सोडवून, एक्सल बाहेर काढावा लागतो. पुढचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराचं आहे.

मडगार्ड, त्याची वायर, ब्रेकची दांडी आणि लिफ्टची साखळी जे जे ट्रम्पेटला अडकलंय ते सोडवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. सगळे बोल्ट काढण्याआधी समोरासमोरचे दोन काढून तिथे डोकं कापलेले लांब बोल्ट लावा. ट्रम्पेट या दोन दांड्यांवरून सरळ सरकत बाहेर येतं, एकदम खाली आदळत नाही, आणि परत बसवताना भोकं जुळवायची मारामारी राहत नाही. एक्सलसकट हा नग जड असतो. दोघांनी धरा किंवा चेन ब्लॉक लावा.

सांधा चिकटला असेल तर प्लास्टिकच्या किंवा लाकडी हातोड्याने भोवताली ठोका. फटीत छिन्नी घालून उचकटू नका. घासलेल्या सपाट कडेवर एक चर पडला की नवं पॅकिंगही तिथून गळणार.

सुटताना आत काय आहे तिकडे लक्ष द्या. काही मॉडेलमध्ये तेलातले ब्रेक याच सांध्यात असतात: चकत्या, त्यांच्यामध्ये पोलादी प्लेटा आणि प्लेटा फाकवणाऱ्या छोट्या पोलादी गोळ्या. गोळ्या घरंगळून डब्यात गेल्या तर शोधत बसावं लागतं. चकत्यांचा क्रम, कोणती बाजू कुठे, याचे फोटो घ्या. शिम (धातूच्या पातळ चकत्या) निघाल्या तर डाव्या-उजव्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा, त्यांच्या जाडीवर बेअरिंगची ढील ठरलेली असते. उघड्या तोंडावर स्वच्छ कापड बांधा. आणि ट्रम्पेट बाजूला असेपर्यंत दुसरं चाक किंवा गिअर फिरवू नका.

ट्रम्पेट टेबलावर आडवं ठेवा. आतल्या टोकाला एक्सल फिरवणारा मोठा गिअर, म्हणजे बुल गिअर असतो, त्याला सर्क्लिप किंवा कुलूपपत्ती असलेला नट. सर्क्लिप प्लायरनेच काढा, स्क्रू ड्रायव्हरने उडवलेली सर्क्लिप डोळ्यात जाते. गिअर सुटला की आतल्या टोकावर लाकूड किंवा पितळी तुकडा धरून ठोका, एक्सल बाहेरच्या बाजूने निघतो. बाहेर फ्लँजमागे बोल्टांनी धरलेलं कव्हर असेल तर ते आधी सोडा, विसरलात तर ठोकून ठोकून कव्हरच फुटेल.

शाफ्टवरची खाच

आता या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच घाईत सुटतो. सीलची लिप जिथे टेकते तिथे शाफ्टवर चकचकीत वेढा दिसेल. तो पुसा आणि नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर शाफ्ट ठीक. थोडा गंज असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी करून शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासू नका, आडव्या रेघांतून तेल चढत नाही, लांबट रेघांतून मात्र वाट सापडते.

नख खाचेत अडकलं तर नवी लिप त्याच खाचेत बसेल आणि महिन्याभरात गळेल. तीन उपाय आहेत. सील बसण्याच्या जागेत खोली शिल्लक असेल तर ते एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. पण ते बेअरिंगला टेकत नाही आणि तेलाचं भोक झाकत नाही हे बघा. दुसरा, शाफ्टवर बसवायची पातळ स्टीलची स्लीव्ह. साधारण ०.२८ मिमी जाडीची असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. माझी पसंती हिलाच. तिसरा, नवा एक्सल. वेल्डिंग करून लेथवर उतरवायचा चौथा मार्ग गावोगाव चालतो, पण एक्सलचा पृष्ठभाग उष्णतेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा जातो, कधी बारीक तडाही जातो, आणि ट्रॉलीसकट उतारावर एक्सल तुटण्यापेक्षा तेल गळलेलं परवडतं.

नवं सील बसवणं

जुनं सील काढताना ते कोणत्या बाजूने आणि किती खोल बसलं होतं ते आधी मोजा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. चिखल अडवणारी लिप बाहेर. काढताना हाऊसिंगच्या भोकाला ओरखडा जाऊ देऊ नका, बाहेरच्या कडेने गळणारी सील याच ओरखड्यांमुळे गळतात.

भोक कोरड्या कापडाने पुसा. सीलच्या बाहेरच्या कडेला रबर असेल तर काही लावायचं नाही; नुसता पत्रा असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात. लिपांच्या मधल्या फटीत ग्रीस भरा. कोरडी लिप सुरुवातीलाच घासून खराब होते. आता सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा जुनंच सील वर ठेवा आणि चारी बाजूंनी सारखं, हळू ठोका. थेट सीलवर हातोडा नको, आणि मधोमध तर नकोच. एका बाजूने आत गेलं की काढा आणि पुन्हा सरळ करून बसवा. ठोकण्याचा आवाज बदलून भरीव झाला की सील तळाला टेकलं.

एक्सल सरकवण्याआधी दाते, सर्क्लिपची खाच, कोणतीही धारदार कड जाड प्लास्टिकने किंवा टेपने झाका. दुकानातून आणलेलं उत्तम सील पाच सेकंदांत फाटतं ते इथेच. एक्सल आत जाताना किंचित फिरवत न्या. मग बोट किंवा छोटा आरसा घालून लिप कुठे उलटी तर दुमडली नाही ना ते पाहा, आणि आतली स्प्रिंग जागेवर आहे ना.

परत जोडणी

दोन्ही कडा साफ करा, जुनं पॅकिंग खरवडताना कण डब्यात पडू देऊ नका. कागदी पॅकिंग असेल तर त्याच जाडीचं घाला. मूळ रचना सीलंटची असेल तर बोल्टांच्या आतल्या बाजूने दोन-तीन मिमीची एकच सलग रेघ ओढा. भरपूर सिलिकॉन थापलं की छान बसलं असं वाटतं, पण दाबल्यावर अर्धं आत जातं, तुटतं आणि तेलासोबत फिरत लिफ्टच्या सक्शन गाळणीवर जाऊन बसतं. दोन महिन्यांनी लिफ्ट मंद झाली की कोणाच्या डोक्यातही येत नाही की कारण एक्सलच्या सांध्यात आहे.

ब्रेकच्या गोळ्या ग्रीसने चिकटवून ठेवा, दांड्यांवरून ट्रम्पेट सरकवा, गिअरचे दाते जुळेपर्यंत फ्लँज हाताने हलकेच फिरवा. बोल्टांनी ओढून घेऊ नका. हाताने पूर्ण टेकलं नाही तर काहीतरी अडलंय. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. मॅन्युअलचा आकडा हाताशी नसेल तर डोक्यावर ८.८ लिहिलेल्या १० मिमी बोल्टला ४५-५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० च्या आसपास.

ट्रॅक्टरला सुके ब्रेक असतील आणि तेल त्यांच्यापर्यंत पोचलं असेल तर लायनर नवे टाका. पेट्रोलने धुऊन, पेटवून वाळवलेले लायनर कोरडे दिसतात, पण तापले की शोषलेलं तेल पुन्हा वर येतं. मागचे दोन्ही ब्रेक जोडून दाबल्यावर एकच लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला झडप घालतो. म्हणून नवे लायनरही दोन्ही बाजूंना एकाच वेळी.

कोणतं तेल, किती

तेलातले ब्रेक असलेल्या, एकच टाकी असलेल्या ट्रॅक्टरला यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) लागतं, दुकानात वेट ब्रेक ऑइल म्हणून मिळतं ते. गळतंय म्हणून जाड ९० नंबरचं गिअर ऑइल घालायची पद्धत आहे. त्याने गळती चार दिवस मंदावते, पण ब्रेक किंचाळायला लागतात आणि थंडीच्या सकाळी लिफ्टच्या पंपाला ते ओढता येत नाही. गळती थांबवणारी औषधंही रबर फुगवून वेळ मारून नेतात, ब्रेकच्या चकत्यांचं काय होतं ते वेगळं.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसकट लावा, खुणेपर्यंत तेल भरा. इंजिन सुरू करून लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा. तेल सिलिंडरमध्ये आणि पाइपांत जातं, पातळी खाली येते, तेव्हा पुन्हा पाहून भर घाला. काढलेलं काळं तेल बांधाला किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. डबा भरून ठेवा, जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या.

हंगाम मधोमध असेल तर

फवारणी थांबवता येत नसेल आणि ट्रॅक्टरला तेलातले ब्रेक असतील, तर ब्रीदर साफ करून, गुंडाळलेली सुतळी कापून, रोज सकाळी पातळी पाहत आठवडा-दोन आठवडे निघतात. रात्री ट्रॅक्टर असा उभा करा की गळणारी बाजू किंचित चढाला येईल. सुके ब्रेक असतील तर मात्र ही सवलत नाही. ब्रेक एका बाजूला ओढत असेल त्या दिवशीच काम थांबवायचं.

पहिले काही दिवस

चाकाचे नट पहिल्या दोन तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. रिमवरचा रंग दबतो आणि ते सैल होतात. पहिल्या दिवशी सीलभोवती ग्रीसचा बारीक वेढा दिसेल. ते लिपांमध्ये भरलेलं ग्रीस आहे, पुसून टाका. दुसऱ्या दिवशीही तेल दिसलं तर ते कुठून येतंय ते पाहा. शाफ्टला लागून येत असेल तर लिप दुमडलीय किंवा खाच राहिलीय. सीलच्या बाहेरच्या कडेने येत असेल तर हाऊसिंगच्या भोकाला ओरखडा आहे, किंवा सील वाकडं बसलंय. शाफ्टला लागून येत असेल तर एक्सल पुन्हा काढावाच लागतो. कडेने येत असेल आणि कव्हर वेगळं असेल, तर चाक आणि कव्हर सोडून सील सीलंटसह सरळ बसवता येतं का ते आधी बघा.